पहिला टॅरंटुला : रंग शेवटी बघायचा, आधी वर्षं आणि कागद

(ज्यांना भाग ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून आलाय. मुलगा बारावीला आहे. तो लिहितो, "दादा, सोसायटीत कुत्रा चालत नाही, मासे पाळून झाले. आता मला टॅरंटुला पाळायचाय. कुठला घेऊ? आई म्हणते, घरात कोळी दिसला की मी झाडू घेऊन धावते आणि तू पैसे देऊन आणणार?"

आईचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्याच्याकडे नंतर येऊ. "कुठला घेऊ" असं कुणी विचारलं की मनात बहुतेक वेळा रंग असतो. लाल गुडघ्यांचा, निळा, काळाभोर मखमली, असा. माझं म्हणणं असं की रंग सगळ्यात शेवटी बघावा. आधी दोन गोष्टी बघायच्या. हा प्राणी किती वर्षं जगणार, आणि तो आला कुठून. या दोन प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, तर डबा, माती, पाणी, खाणं हे सगळं जमण्यासारखं आहे. ती मिळाली नाहीत, तर बाकीचं कितीही नीट केलं तरी उपयोग नाही.

आधी ओळख

टॅरंटुला म्हणजे थेराफोसिडी कुळातले मोठे, केसाळ कोळी. जगात त्यांच्या हजाराहून जास्त जाती आहेत. हे नाव इटलीतल्या तारांतो शहरावरून आलं. गंमत म्हणजे मूळ नाव तिथल्या वेगळ्याच एका कोळ्याचं होतं. नंतर युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथले मोठे कोळी बघून तेच नाव त्यांना चिकटवलं.

आपल्या घरातला कोळी कोपऱ्यात जाळं विणून बसतो, तसं टॅरंटुला करत नाही. काही जाती जमिनीत बीळ करून राहतात, काही झाडाच्या ढोलीत. डोळे आठ, पण नजर अगदी अधू. त्याचं जग हादऱ्यांचं असतं. पायांवरच्या केसांना जमिनीची बारीकशी थरथर कळते आणि त्यावरून भक्ष्य की शत्रू ते ठरतं.

म्हणून एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून ठेवतो. हा प्राणी तुम्हाला ओळखणार नाही. हाक मारली तर येणार नाही, माया लावणार नाही. लळा लागला तर तो आपल्याला लागतो, त्याला नाही. त्याला हवा असतो अंधार, एक कोपरा, पाणी आणि शांतता. हे मान्य असेल तरच पुढचं ऐका.

वर्षांचा हिशोब

मेक्सिकन रेड नी म्हणून जी प्रसिद्ध जात आहे, ब्रॅकिपेल्मा हॅमोरी, तिची मादी नीट सांभाळली तर वीस वर्षांहून जास्त जगते. नराचं तसं नाही. तो काही वर्षांत वयात येतो आणि शेवटची कात टाकल्यावर बहुधा वर्षभरातच जातो. तुम्ही अगदी छोटं पिल्लू घेतलं, तर ते नर की मादी हे दिसून कळत नाही. म्हणजे ही सोबत पाच-सहा वर्षांची की पंचवीस वर्षांची, हे ठाऊक नसताना तुम्ही जबाबदारी घेत असता.

याच मोठ्या गटातलं एक उदाहरण सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून बिळात राहणाऱ्या एका जातीच्या कोळ्यांची नोंद ठेवली. त्यातली 'नंबर १६' नावाची मादी ४३ वर्षं जगली, २०१६ मध्ये तिचं बीळ रिकामं सापडलं. तो टॅरंटुला नव्हता, लांबचा नातेवाईक म्हणा. पण या सगळ्या गोतावळ्याचं आयुष्य किती संथ असतं, याचा अंदाज येतो.

आता आपल्या बारावीच्या मित्राकडे बघा. दोन महिन्यांनी परीक्षा, मग पुण्याला कॉलेज, हॉस्टेल. हॉस्टेलवर कोळी ठेवू देणार नाहीत. मग नोकरी, कदाचित बंगळुरू. मग लग्नाची बोलणी, तेव्हा घरी आलेल्या पाहुण्यांना कपाटावरचा डबा काय म्हणून दाखवायचा? हसण्यावारी नेऊ नका, ही सगळी वर्षं त्या एका मादीच्या आयुष्यात मावतात. आणि या सगळ्या काळात पाण्याची वाटी कोण भरणार? आई!

म्हणून आईची परवानगी हा उपचार नाही. खरी पाळणारी तीच ठरण्याची शक्यता जास्त. ती नाही म्हणत असेल, तर ते प्राण्याच्याही भल्याचं आहे. ती हो म्हणत असेल, तर पहिल्या दिवसापासून तिला सगळं शिकवा. झाकण कसं उघडायचं, काय करायचं, मुख्य म्हणजे काय करायचं नाही.

आला कुठून?

गुत्ती हे नाव मराठी माणसाला नवीन नाही. मुरारराव घोरपड्यांची गुत्ती, आंध्रातली. मुंबईहून चेन्नईला जाणारी रेल्वे तिथून जाते. १८९९ मध्ये पोकॉक नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत मिळालेल्या एका निळ्या कोळ्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पीसिलोथेरिया मेटॅलिका. त्यानंतर शंभरेक वर्षं तो कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये तो सापडला, गुत्तीत नाही, तर तिथून बऱ्याच अंतरावर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात. वखारीतला तो कोळी बहुधा लाकडांबरोबर रेल्वेने गुत्तीला पोचला असावा. हे जंगल लहान आहे आणि लाकूडतोडीने विरळ होत चाललंय. २००८ मध्ये हा कोळी जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला.

आणि आज? युरोप-अमेरिकेत हाच निळा कोळी हौशी लोकांच्या डब्यांमध्ये आहे, तिथे त्याची पैदास होते. आपल्याकडच्या एवढ्याशा जंगलातला प्राणी जगभर विकला जातो. हौसेची दुसरी बाजू ही अशी असते. पैदास केलेल्या प्राण्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण मागणी वाढली की कुणीतरी ढोलीत हात घालतोच. म्हणून २०१९ मध्ये पीसिलोथेरिया हा अख्खा गण साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. मेक्सिकोचा ब्रॅकिपेल्मा गण तर १९९४ पासून त्यात आहे.

दुसरी गोष्ट अलीकडची. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून पोस्टाने आलेलं एक पार्सल उघडलं. आत फॉइल आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ छोट्या कुप्या, प्रत्येकीत एक जिवंत कोळी. त्यात ब्रॅकिपेल्माही होते. आयातीचा परवाना नाही, आरोग्याचा दाखला नाही. ते पार्सल परत पोलंडला पाठवायचं ठरलं. विचार करा, कुपीत गुंडाळलेला जीव दोनदा अर्धं जग फिरणार.

म्हणून "ऑनलाइन मागवतो, पोस्टाने येतं" असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइटीसमधल्या परदेशी जाती आता या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. असा जिवंत प्राणी जवळ असेल तर नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि अर्ज 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर करायचा असतो. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, मेला, तरी कळवावं लागतं.

तेव्हा विकणाऱ्याला सरळ विचारायचं : याचं शास्त्रीय नाव काय? पैदास कुणाकडे झाली? नोंदणी कुठाय, माझ्या नावावर कशी होणार? "अहो, कोळ्याला कसले कागद?" असं उत्तर आलं, की नमस्कार करून बाहेर पडायचं. खरं सांगायचं तर, कागदासह मिळणारे प्राणी आपल्याकडे थोडे आहेत. थांबावं लागेल. वीस वर्षांच्या सोबतीसाठी सहा महिने थांबणं काही फार नाही.

आणि आपले सह्याद्रीतले?

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूचे श्रोते विचारतात, "आमच्याकडे पावसाळ्यात असा मोठा कोळी भिंतीवर येतो, तोच पाळला तर?" नको. पावसाळा सुरू झाला की वयात आलेले नर मादीच्या शोधात बाहेर पडतात, म्हणून ते घराच्या आसपास दिसतात. त्यांचं आयुष्य तसंही थोडंच उरलेलं असतं. तो पकडलात तर जी मादी बिळाच्या तोंडाशी वाट बघतेय तिची पुढची पिढी थांबली. शिवाय आपल्याकडच्या जाती चपळ असतात आणि पीसिलोथेरिया चावला तर स्नायूंत पेटके येतात, तो त्रास काही दिवस पुरतो.

घरात आलाच तर रुंद तोंडाचा डबा वरून ठेवा, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि जवळच्याच झाडीत सोडा. धीर होत नसेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

पण बघायला कुणाची ना आहे? पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन, जाणत्या माणसाबरोबर, दरडीच्या कडेची बिळं बघा. फोटो काढा, आयनॅचरलिस्टवर टाका. यातही शोध लागतात बरं का. मुंबईच्या आरे कॉलनीतल्या एका टॅरंटुलाचं नवी जात म्हणून वर्णन २०१४ मध्ये झालं. त्याचं नावच आरेवरून आहे, हेटरोफ्रिक्टस आरेयेन्सिस. महानगराच्या मधोमध! ज्यांना कागद मिळत नाहीत किंवा आई परवानगी देत नाही, त्यांनी ही हौस आधी करून बघावी.

आता, कुठला?

सगळी उत्तरं जुळली असं धरू. पहिला टॅरंटुला अमेरिका खंडातला, जमिनीवर राहणारा, संथ स्वभावाचा असावा. तीन नावं सांगतो. मेक्सिकन रेड नी, म्हणजे मघाशी सांगितलेला ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. कर्ली हेअर, म्हणजे टिल्टोकॅटल अल्बोपिलोसस, कुरळ्या केसांचा, दिसायला साधा, पण पहिल्यांदा पाळणाऱ्याला फार सोपा. आणि ब्राझिलियन ब्लॅक, ग्रॅमोस्टोला पुल्क्रा, काळाभोर आणि अतिशय सावकाश वाढणारा.

वाटाण्याएवढं पिल्लू स्वस्त मिळतं, पण ते नाजूक असतं. माती एकदा पूर्ण सुकली तरी जाऊ शकतं. पाय पसरून चार-पाच सेंटीमीटर झालेला घ्या. पोट गोल भरलेलं असावं. पोट सुरकुतलेलं असेल किंवा पाय अंगाखाली मुडपलेले असतील तर घेऊ नका.

घर

काचेचा किंवा ॲक्रिलिकचा डबा. लांबी कोळ्याच्या पसरलेल्या पायांच्या तिप्पट पुरे. उंचीच्या बाबतीत मात्र लोक हमखास चुकतात. मोठं घर म्हणजे चांगलं घर असं वाटतं. पण जमिनीवरचा टॅरंटुला उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटतं आणि तो मरतो. म्हणून माती भरपूर भरा, आणि मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवू नका. जाळीचं झाकण नको, नखं अडकतात. बाजूला बारीक भोकं पाडा. झाकणाला कडी हवीच.

माती म्हणून कोकोपीट. नाशिकमध्ये कुठल्याही नर्सरीत मिळतं, फक्त खत न मिसळलेलं मागा. भिजवून, पिळून, दाबून भरा. लपायला नारळाची अर्धी करवंटी पालथी घाला, एका बाजूला दार कोरा. पाण्याला उथळ वाटी, कायम भरलेली. वाटीत स्पंज, कापूस काही नको, त्यात घाण साचते. दिवा नको, गरम होणारा दगड तर मुळीच नको. आणि एका डब्यात एकच. दोन ठेवलेत तर काही दिवसांनी एकच उरेल, तोही जेवलेला.

नाशिकची हवा

वीस ते तीस अंश तापमान या जातींना मानवतं, म्हणजे वर्षाचा बराच काळ आपल्याला काही करावं लागत नाही. पण आपली थंडी विसरू नका. नाशिकला पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर पाच-सहापर्यंत. अशा वेळी डबा बाहेरच्या भिंतीपासून, खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत ठेवा. थंडीत तो खाणं कमी करतो, ते चालतं.

एप्रिल-मे मध्ये चाळिशी ओलांडते. तेव्हा डबा खालच्या फळीवर, सावलीत. कूलरचा झोत त्याच्यावर नको. मातीचा एक कोपरा थोडा ओला ठेवा, म्हणजे हवं तिकडे तो सरकेल. पावसाळ्यात उलट. हवाच दमट असते, पाणी शिंपडत बसू नका, बुरशी येते.

खाणं

पाळलेले रातकिडे, मीलवर्म. पक्षी आणि माशांच्या दुकानात चौकशी करा. आकार कोळ्याच्या पोटाहून मोठा नको. मोठ्याला दहा-बारा दिवसांतून एकदा, लहानाला आठवड्यातून एकदा-दोनदा. चोवीस तासांत खाल्लं नाही तर किडा बाहेर काढायचा.

नाशिककरांना एक खास सूचना. शेतातले नाकतोडे फुकट मिळतात म्हणून आणू नका. छाटणीपासून काढणीपर्यंत द्राक्षबागेवर किती फवारण्या होतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितेय. कांदा, टोमॅटोचंही तेच. तो किडा जिवंत दिसला तरी विष अंगावर घेऊन येतो. घरातली झुरळंही नकोत, त्याच कारणाने.

कात

आपण माणसाबद्दल म्हणतो ना, त्याने कात टाकली, नवा झाला. इथे ते अक्षरशः होतं. वाढायचं असेल तर जुनं कवच टाकावंच लागतं, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच वेळी होतात.

आधी तो खाणं बंद करतो. काही आठवडे, मोठा असेल तर काही महिनेसुद्धा. पोटावरचा टकलाचा भाग काळपट होतो. मग एक दिवस तुम्ही बघता, तर तो पाठीवर पडलाय, पाय वर. नवखा माणूस म्हणतो, मेला! कुणी चमच्याने ढोसतं, कुणी पाणी शिंपडतं, कुणी तर पुरायला घेऊन जातं. मंडळी, पाठीवर पडलेला टॅरंटुला बहुतेक वेळा कात टाकत असतो. हात लावू नका, डबा हलवू नका. काही तासांत तो जुन्या कवचातून पाय ओढून बाहेर येतो.

धोक्याची खूण वेगळी आहे. तो सरळ, पोटावर असतो आणि पाय अंगाखाली मुठीसारखे मुडपलेले असतात. कोळ्याचे पाय अंगातल्या द्रवाच्या दाबाने सरळ होतात. पाणी कमी पडलं की दाब जातो, पाय मिटतात. अशा वेळी त्याला अलगद पाण्याच्या वाटीपाशी असं ठेवा की तोंड पाण्याला लागेल. कधीकधी वाचतो.

कात टाकल्यावर दातसुद्धा मऊ आणि पांढरे असतात. मोठ्याला दहा-पंधरा दिवस खायला देऊ नका. आणि कातीच्या काळात डब्यात जिवंत रातकिडा राहिला, तर तो किडाच या मऊ कोळ्याला कुरतडतो. टाकलेली कात मात्र जपून ठेवा. पोटाच्या आतल्या भागावरून जाणकार माणूस नर-मादी सांगू शकतो.

हात लावावा का?

नको. इन्स्टाग्रामवर तळहातावर घेतलेले दिसतात, पण त्यात त्याचा फायदा शून्य. दचकून पडला तर जीव जातो. या जातींचं विष सौम्य असतं, गांधीलमाशीसारखं दुखतं. खरा त्रास केसांचा. घाबरला की मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवतो, त्याने अंग खाजतं. डोळ्यात गेले तर चोळू नका, पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. डबा साफ करताना लांब चिमटा वापरा, चेहरा डब्यावर आणू नका, नंतर हात धुवा.

घरातलेच शत्रू

शेवटचा मुद्दा, पण आपल्या घरांत हाच सगळ्यात घातक. डासांसाठी प्लगला लावतो ते लिक्विड, वड्या, झुरळांचे स्प्रे. ही औषधं कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करतात, आणि कोळी त्यांचा जवळचाच नातलग. त्याच्या खोलीत यातलं काहीही नको. डासांना मच्छरदाणी लावा. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी डबा दुसऱ्या घरी हलवा आणि नंतरही काही दिवस तिकडेच राहू द्या.

दुसऱ्या मुंग्या. कात टाकत असलेल्या कोळ्याला मुंग्या सोडत नाहीत. उपाय आजीचाच : तुपाच्या भांड्याखाली पाण्याची ताटली ठेवतो, तशी डब्याखाली ठेवायची.

तर मंडळी, डबा, माती, करवंटी यांचा खर्च मामुली आहे, आणि रोजचं काम पाच मिनिटांचं. अवघड आहे ते हे की पाच मिनिटांचं काम वीस वर्षं चुकवायचं नाही, आणि बाकीचा वेळ त्याला त्याच्या अंधारात राहू द्यायचं. ज्यांना हे जमेल असं वाटतं त्यांनी कागद विचारायला सुरुवात करा. ज्यांना शंका आहे त्यांनी या पावसाळ्यात टॉर्च घ्या. तुमच्या भागात कुठे, कधी, कसा कोळी दिसला ते मेसेज करून कळवा, फोटो असेल तर उत्तम. आलेल्या प्रश्नांवर पुढच्या भागात बोलू.